फटफटीचे एंजिन निवडताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी कोणी लोणच्यांवर बोलते, कोणी मुलांच्या अभ्यासावर. यंदा चिटणीसबाईंनी मला मोटारसायकलीवर बोलायला उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत, आणि भाषणाची सवय नाही. पण गेल्या दिवाळीपासून आमच्या घरी याच विषयाचे दळण चालू होते. आता गल्लीतल्या तिघीचौघींच्या मुलांनी तोच हट्ट धरला आहे, आणि त्या मला विचारायला येतात. आज सर्वांना एकदम सांगते, म्हणजे प्रत्येकीला चहाबरोबर निराळे सांगावयास नको.

आमच्या थोरलीला पाचगणीला नोकरी लागली. आपण वाईची माणसे, म्हणजे मध्ये पसरणीचा घाट आलाच. बस चुकली की दिवस बिघडला. तिची स्कूटर होती, पण घाटात मागे धाकटा बसला की ती बिचारी कण्हत चढे. पोरीने पगारातून पैसे साठवले आणि एके संध्याकाळी म्हणाली, "आई, मी मोठी मोटारसायकल घेणार." सासूबाईंच्या हातातली जपमाळ थांबली. ह्यांचे म्हणणे पडले की एवढ्या पैशांत चांगला दागिना होईल. मी म्हटले, दागिना घालून घाट चढता येत नाही. रोज जायचेच आहे, तर जी गाडी तिच्या हातात राहील तीच घेऊ. मग अशी गाडी कोणती, हे शोधणे माझ्याकडे आले.

पहिल्या दुकानात गेलो तेव्हा तिथला मुलगा सगळे ह्यांच्याकडे बघून सांगत होता. गाडी मुलीची, पैसे मुलीचे, प्रश्न माझे, आणि उत्तरे ह्यांना! शिवाय प्रत्येक उत्तरात "इतके सीसी, तितके सीसी." सीसी म्हणजे एंजिनाच्या पोटात किती मावते ते माप. साडेतीनशे सीसी म्हणजे अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीहून कमी. पण भांड्याचे माप कळले म्हणून ते कशासाठी चांगले हे कळत नाही. पातेल्यात आणि परातीत सारखेच पाणी मावू शकते, पण भात परातीत शिजवीत नाहीत.

म्हणून मी आमच्या चौकातल्या मिस्त्रींकडे जाऊन बसले. त्यांनी एक उघडलेले जुने एंजिन दाखवले, आणि मला आजीकडचे उखळ आठवले. सिलिंडर म्हणजे उखळ आणि पिस्टन म्हणजे मुसळ. हे मुसळ वरखाली होते आणि खालचा दांडा फिरतो, जसा शिवणयंत्राच्या पायट्याने चाक फिरते. मुसळाच्या चार हालचाली: हवा आणि पेट्रोल आत ओढणे, ते दाबणे, ठिणगीने पेटून जोराने खाली ढकलले जाणे आणि धूर बाहेर टाकणे. या चारांत जोर लागतो तो एकदाच, म्हणजे दांड्याच्या दोन फेऱ्यांत एक धक्का. एका सिलिंडरच्या गाडीचा तो ठप्‌ ठप्‌ आवाज येतो तो यामुळे.

आता तुमच्यातल्या ज्यांनी कांडण केले आहे त्यांना पुढचे सांगावे लागणार नाही. एकटी बाई कांडते तेव्हा घावामागून घाव सावकाश पडतो. समोर दुसरी उभी राहिली की आळीपाळीने घाव पडतात, मधला खंड भरून निघतो आणि हातालाही हिसके कमी बसतात. दोन सिलिंडरचे जोडएंजिन ते हेच. रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ही ६४८ सीसीची गाडी २०१८ साली आली, तिच्यात दोन सिलिंडर शेजारीशेजारी आहेत. त्यातही गंमत अशी की दोघींचे घाव मुद्दाम सारख्या अंतराने पाडलेले नाहीत. एक पाऊण फेऱ्याने आणि पुढचा सव्वा फेऱ्याने, म्हणून तिचा आवाज लयीत पण थोडा लंगडत येतो. हार्ले डेव्हिडसनच्या मोठ्या गाड्यांत दोन सिलिंडर इंग्रजी व्ही अक्षरासारखे तिरपे असतात. आणि चार सिलिंडर असले तर दर अर्ध्या फेऱ्याला घाव, म्हणजे ती गाडी शिवणयंत्रासारखी सुरसुरत जाते. तशा गाड्या आमच्या खिशाच्या पलीकडच्या, म्हणून त्यांच्यावर मी वेळ घालवला नाही.

इथपर्यंत ऐकून आमचा धाकटा म्हणाला, "मग दोन सिलिंडर चांगले. संपले." संपले नव्हते. मिस्त्रींनी मला आणखी एक गोष्ट सांगितली, आणि माझ्या मते सगळ्या निवडीचे मर्म तिच्यात आहे. उखळ किती रुंद आणि किती खोल, ते विचारा.

साडेतीनशेची एनफिल्ड घ्या. तिचे उखळ ७२ मिलीमीटर रुंद आणि मुसळाची चाल ८५.८ मिलीमीटर. म्हणजे अरुंद आणि खोल. मुसळाला लांब जायचे असल्यामुळे ते फार भरभर हलू शकत नाही, पण सावकाश चालतानाही ओढ चांगली देते. तिचा भर ४००० फेऱ्यांनाच पुरा येतो आणि सगळी ताकद म्हणाल तर वीस अश्वशक्ती. आता २०२३ साली आलेली ट्रायम्फ स्पीड ४०० पहा. ती पुण्याजवळ चाकणला बनू लागली. तीही एका सिलिंडरचीच. पण तिचे उखळ ८९ मिलीमीटर रुंद आणि चाल ६४, म्हणजे परात. तिचे मुसळ झपाझप हलते, ताकद चाळीस अश्वशक्ती, पण ती हाती यायला ८००० फेऱ्या घ्याव्या लागतात. म्हणजे सिलिंडर दोघींना एकेकच, पण स्वभाव सासू आणि सुनेइतका निराळा. कोणती सासू ते मी सांगत नाही.

एक सिलिंडर म्हणजे सौम्य, दोन म्हणजे दांडगे, असे धरून चालू नका. ओढ वेगळी आणि ताकद वेगळी. जात्याचा खुंटा धरून जड पाळू जागची हलवायला जो जोर लागतो ती ओढ. तासाभरात किती पायल्या दळून झाल्या ती ताकद. हमरस्त्यावर पुण्याला जाणाऱ्याला ताकद हवी. घाटात वळणावर समोरून बस आली, गाडी जवळजवळ थांबली आणि तिथून चढावर पुन्हा उचलायची, तिथे हवी ओढ, आणि ती हळू फिरत असताना हवी. परातीच्या जातीचे एंजिन अशा वेळी गिअर खाली घ्या म्हणून कुरकुरते, क्लच धरून रेस द्यावी लागते. सरावलेल्याला त्याचे काही नाही. नवशिक्या मुलीला पावसाळ्यात, धुक्यात, मागे गाड्यांचे भोंगे वाजत असताना ते फार होते.

ओढीत जोडएंजिन कमी नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. साडेतीनशेची ओढ २७ न्यूटनमीटर, तर तिची ५२. आमच्या शेजारच्या भावजींच्या मुलाकडे ती गाडी आहे. त्याने थोरलीला मैदानावर चालवू दिली. सरळ चालवताना पोरगी अशी खूश झाली की मला वाटले निकाल लागला. मग मी तिला म्हटले, आता उतारावर उभी कर आणि एकटीने मागे ढकलून वळव. ते होईना. ती गाडी २१५ किलोच्या वर आहे, आणि थोरली माझ्यासारखीच पाच फूट दोन इंच. तिचे टाचांचे टेकणे होत नव्हते. ताकद ४७ अश्वशक्ती, म्हणजे मूठ थोडी जास्त पिळली गेली तर ओल्या रस्त्यावर मागचे चाक कुठे जाईल ते देव जाणे. शिवाय झडपा आठ, साडेतीनशेच्या एंजिनात दोन. आठ झडपांचे काम आपल्या चौकात करणारा कोणी नाही. त्यासाठी गाडी साताऱ्याला न्यावी लागेल.

थंड ठेवण्याचेही प्रकार आहेत. काही एंजिने वाऱ्याने आणि तेलाने निवतात, त्यांच्या अंगावर पापडासारखे पत्रे असतात. काहींत पाणी खेळवतात आणि पुढे जाळी व पंखा असतो. पाण्याचे एंजिन जास्त ताकद सोसते, पण गर्दीत पंखा सुरू झाला की गरम झोत पोटऱ्यांवर येतो, आणि नळ्या व पाणी सांभाळण्याचे एक काम वाढते. पाचगणीच्या हवेला आम्हाला वाऱ्याचे पुरेसे वाटले.

सासूबाईंना धास्ती वेगळीच होती. मामंजींची जुनी बुलेट होती, तिची त्यांना आठवण. काट्याकडे बघत मुसळ नेमके जागेवर आणायचे, डाव्या हाताची दांडी दाबून वाफ सोडायची आणि मग किक मारायची. चुकले तर किक उलटून नडगीवर बसे. आणि गाडी थांबली तरी हात थरथरत राहायचे. त्यांना मी सांगितले, २०२० साली कंपनीने साडेतीनशेचे नवीन एंजिन काढले, त्यात थरथर मारण्यासाठी एक उलट फिरणारा वजनाचा दांडा घातला आहे, आणि सुरू करायला बटण आहे. तरी त्यांनी दुकानात जाऊन टाकीवर हात ठेवून पाहिला तेव्हाच "बरी आहे" म्हणाल्या.

पैशांचेही सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाडीला १८ टक्के कर आणि त्यावरच्या गाडीला ४० टक्के. आमच्या गाडीचे एंजिन ३४९ सीसी! ह्यांनी पहिल्यांदा तेव्हा कौतुकाने मान हलवली.

एंजिन ठरल्यावर गाडी ठरवणे सोपे गेले, कारण तेच एंजिन कंपनीने निरनिराळ्या सांगाड्यांत बसवले आहे. क्लासिकची बैठक ८०५ मिलीमीटर, हंटरची ७९०, मीटिऑरची ७६५. थोरलीचे दोन्ही पाय नीट टेकले ते मीटिऑरवर. वजन १९१ किलो, म्हणजे जोडएंजिनाच्या गाडीहून भरलेल्या गॅस सिलिंडरपेक्षा थोडेच कमी हलकी.

ज्यांच्या मुली स्कूटर चालवतात त्यांनी एक लक्षात ठेवा. बिनगिअरच्या गाडीचा परवाना या गाडीला चालत नाही, गिअरचा वेगळा काढावा लागतो. थोरलीने तो आधी काढला, महिनाभर भावजींच्या जुन्या लहान गाडीवर क्लच शिकली, आणि मगच दुकानात पैसे भरले. उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडायची नाही, दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली की एंजिनच तिला मागे धरते, हेही तिथेच शिकली. खोल उखळाचे एंजिन त्यालाही चांगले.

गाडी येऊन चार महिने झाले. पहिले तेल ५०० किलोमीटरला बदलले, तोवर तिने रेस जोरात दिली नाही. मी स्वतः मागे बसून दोनदा पाचगणीला जाऊन आले. ज्यांना एंजिन जवळून बघायचे असेल त्यांनी रविवारी सकाळी आठनंतर यावे, तेव्हा ती गाडी पुसत असते. मुलांना बरोबर आणा, पण सायलेन्सरला हात लावू देऊ नका, तापलेला असतो.