फोन म्हातारा कोण करतं?

(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



निधीच्या कार्यक्रमात सॉफ्टवेअरवाल्यांना माईकवर बोलावण्याचं धाडस कार्यकारिणीने केलं, त्याबद्दल आधी आभार! आम्ही चौघं शर्कमध्ये एकाच ऑफिसात काम करतो. सगळे इंजिनियर, सगळे तिशीतले. आज बोलायचंय मोबाईलवर. पण नव्या मोबाईलवर नाही, तुमच्या-आमच्या कपाटाच्या खणात पडून असलेल्या जुन्या मोबाईलवर.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. पैसे पाठवायचं एक ॲप आम्ही बनवत होतो. बैठकीत प्रश्न आला, जुन्या अँड्रॉइडवर ते चालू ठेवायचं का? असे फोन वापरणारे थोडेच, आणि त्यांच्यासाठी वेगळी चाचणी घ्यायची म्हणजे वेळ जाणार. पाच मिनिटांत आम्ही ठरवून टाकलं, बंद करू.

महिन्याभराने आमच्या ऑफिसात चहा देणारे चाचा फोन घेऊन आले. मूळचे दापोलीकडचे. म्हणाले, "बघा रे जरा, पैसे पाठवायचं उघडत नाही." फोनची काच शाबूत, बॅटरी दिवसभर टिकते, आवाज खणखणीत. आम्ही सांगितलं, "चाचा, आता नवा घ्यावा लागेल." त्यांनी फोन उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "पण ह्यात बिघडलंय काय?"

बिघडलं काहीच नव्हतं. बिघडवलं आम्ही होतं. त्या महिन्यात घरी पाठवायच्या पैशांतून चाचांनी नवा फोन घेतला. आम्ही परत बैठक लावली आणि जुन्या फोनसाठी ॲपची हलकी आवृत्ती काढली. काम फक्त दोन आठवड्यांचं निघालं. पण तोवर चाचांचे पैसे गेले होते.

तेव्हापासून आम्ही या विषयावर वाचायला लागलो. हल्ली 'चक्राकार अर्थव्यवस्था' हा शब्द फार ऐकू येतो. शब्द जड आहे, अर्थ आपल्या आजीला ठाऊक होता. जुनी साडी फाटली की तिची गोधडी व्हायची, उरलेले कपडे देऊन बोहारणीकडून भांडं यायचं. भांड्याची कल्हई गेली तर कल्हईवाला यायचा, भांडं टाकलं जायचं नाही. आणि शर्कचंच बघा ना. तेल सापडण्याआधी ही खलाशांची, मोत्यांच्या व्यापाऱ्यांची आणि जहाजं बांधणाऱ्यांची वस्ती होती. मलबारहून आलेल्या सागवानाची जहाजं इथे बांधली आणि दुरुस्त केली जात. आज त्याच किनाऱ्याजवळच्या काचेच्या टॉवरमध्ये बसून आम्ही चालता फोन मोडीत काढत होतो.

कोणी म्हणेल, जुने फोन वितळवून धातू काढतात की! काढतात, आणि काढायलाच हवेत. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला. त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापराकडे गेल्याची नोंद आहे ती फक्त २२.३ टक्क्यांची. टोकियो ऑलिंपिकची पदकं जपानने जुन्या उपकरणांतूनच बनवली. २०१७ ते २०१९ या दोन वर्षांत सुमारे ७९ हजार टन उपकरणं आणि ६२ लाख मोबाईल गोळा झाले. त्यातून सोनं मिळालं ३२ किलो. काम कौतुकाचंच आहे. पण फोनची खरी किंमत सोन्यात नसते. फोनमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो बनवतानाच होऊन गेलेला असतो. वितळवल्यावर थोडं सोनं, तांबं, चांदी हाती लागते. चिप बनवायला लागलेली वीज, पाणी आणि मेहनत परत येत नाही. म्हणून वितळवणं ही शेवटची पायरी. आधी वापर, मग दुरुस्ती, मग दुसऱ्याच्या हाती, मग सुटे भाग, आणि सगळ्यांत शेवटी भट्टी.

चांगली गोष्ट अशी की वारं फिरतंय. नेदरलँड्समध्ये २०१३ साली सुरू झालेल्या फेअरफोन कंपनीने सहज उघडून दुरुस्त करता येतील असे फोन काढले. गुगलने २०२३ मध्ये आणि सॅमसंगने २०२४ मध्ये आपल्या काही मॉडेलांना सात वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलं. युरोपात २० जून २०२५ पासून नियमच झाला आहे, की मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट आणि सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत. अपडेट महत्त्वाचे, कारण सुरक्षेचे अपडेट थांबलेल्या फोनवर बँकेचे व्यवहार करा असं आम्हीही सांगणार नाही. म्हणूनच जबाबदारी आधी बनवणाऱ्यांची, म्हणजे आमची, आणि मग तुमची.

आता तुमच्यासाठी चार गोष्टी. पहिली, फोन मंद झाला तर आधी बॅटरी बदलून बघा. दुसरी, चालता फोन खणात ठेवू नका. आपलं खातं काढून, माहिती पुसून, इथेच कोणा गरजूला द्या. दर वर्षी त्याची किंमत आणि आयुष्य दोन्ही घटतं. तिसरी, फुगलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, तिला टोचू नका, आग लागते. चौथी, बंद फोनांचं पोतं 'गावाकडे कोणीतरी घेईल' म्हणून पाठवू नका. १ जानेवारी २०२५ पासून बाझल कराराच्या सुधारित नियमांप्रमाणे कुठलाही ई-कचरा दुसऱ्या देशात पाठवायला त्या देशाची पूर्वसंमती लागते. आणि नियम बाजूला ठेवला, तरी आपला कचरा गावच्या पोराने उघड्या हातांनी आणि ॲसिडने फोडावा, ही मदत नव्हे.

शेवटचं मागणं निधीचं. तुमच्यापैकी ज्यांचा यंदा नवा फोन घ्यायचा विचार आहे, त्यांनी तो एक वर्ष पुढे ढकलावा आणि वाचलेल्या पैशांतले निदान दहा दिनार आजच्या पेटीत टाकावेत. आम्ही चौघांनी टाकले आहेत. आणि आमच्या ऑफिसात एक नियम केलाय. जुना फोन बंद पाडणारा कुठलाही निर्णय घेण्याआधी बैठकीत कोणीतरी चाचांचा प्रश्न मोठ्याने विचारायचा: "पण ह्यात बिघडलंय काय?"