मंडळीतील त्यांची जागा
(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी केलेले भाषण)



वर्षाचा जमाखर्च आपणांसमोर ठेवलेलाच आहे. आज आम्ही अशा एका बाबीविषयी बोलू इच्छितो, की जिच्यासाठी आमच्या खातेवहीत रकाना नाही.

पाठीच्या कण्याला इजा झालेला एक तरुण आमच्याकडे दीर्घकाळ उपचार घेऊन घरी गेला. पुढे त्याच्या मातोश्री भेटल्या तेव्हा आम्ही विचारले, "मुलगा उपासनेला जातो ना?" त्या म्हणाल्या, "जातो साहेब. दर रविवारी त्याच्यासाठी प्रार्थना होते. पण त्याच्याशी कोणी बोलत नाही. खुर्ची मागच्या दाराशी लावतात, आशीर्वाद झाला की घरी." आम्ही निरुत्तर झालो, कारण आमच्याच प्रार्थनागृहाला तेव्हा तीन पायऱ्या होत्या आणि इतक्या वर्षांत त्या आम्हांला कधी खटकल्या नव्हत्या.

पायऱ्यांचे गणित सोपे असते. एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबीचा उतार लागतो. आम्ही तो बांधून घेतला. परंतु १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, ते २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ झाले. कर्णबधिर भगिनीला उपदेश कसा पोहोचावा, स्वमग्न बालक उपासनेत ओरडले तर त्याच्या आईकडे आपण कोणत्या नजरेने पाहावे, या प्रश्नांना सिमेंटचा उतार पुरत नाही.

कफर्णहूम येथे चौघांनी छप्पर उघडून पक्षघाती मनुष्याला प्रभूपुढे उतरविले. त्यांची वाट अडविली होती ती वचन ऐकण्यास जमलेल्या गर्दीने, हे आपण सहसा विसरतो. आंधळ्या बार्तीमयाला तर प्रभूने आधी विचारले, की तुझी इच्छा काय आहे? केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई यांनी अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकविली. दयेच्या पुढचे पाऊल ते हेच.

आनंदाची गोष्ट अशी, की त्या तरुणाच्या पाळकांनी नंतर त्यालाच विचारले. तो म्हणाला, "मला हिशेब येतो." आता दानार्पणाची मोजदाद तो करतो. मध्यंतरी त्याच्या हिशेबात काही रुपयांचा फरक निघाला आणि पंचांनी त्याला सर्वांसमक्ष जाब विचारला. मातोश्री ते सांगताना हसत होत्या. वाणिज्य शाखेत शिकलेल्या आम्हांला त्या हसण्याचा अर्थ चटकन उमगला. ज्याच्यावर विश्वासाने काम सोपविले जाते, त्यालाच जाब विचारला जातो.

देणगीदारांचे आमच्यावर ऋण आहेच. यंदा मात्र धनादेशासोबत आणखी एक मागणे आहे. आपापल्या मंडळीत मागच्या दाराशी कोण बसले आहे ते पाहावे, त्यांच्याशेजारी बसावे आणि त्यांना काय करावयास आवडेल, हे त्यांनाच विचारावे.