कुंडलिकेचे पाणी आणि मुंबईचे पाहुणे



शनिवार उजाडला की वडखळच्या नाक्यावर मुंबईच्या मोटारींची रीघ लागते. काही अलिबागेकडे वळतात, काही नागोठण्यावरून थेट कोलाड गाठतात. ही मंडळी रोहे तालुक्यात येतात ती रबरी होडीत बसून कुंडलिकेच्या धारेत उड्या खायला. पैसे मोजून भिजायचे! आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना याचे हसू येते. पण चाळीत नि इमारतींत दाटीने राहणाऱ्या माणसाला मोकळे पाणी म्हणजे काय, हे आपल्याला कसे कळावे?

पण एक प्रश्न विचारतो. कोकणातली नदी शिमग्यानंतर नुसती दगडधोंड्यांची असते. मग कुंडलिका तेव्हाही कशी वाहते?

उत्तर घाटावर आहे. मुळशीला मुळा नदी अडवली आहे. ते पाणी एरवी भीमेतून कृष्णेत आणि तिथून पूर्वेच्या समुद्रात जायचे. ते सह्याद्रीच्या पोटातून वळवून भिऱ्याच्या वीजघरावर सोडतात. हे वीजघर १९२७ साली सुरू झाले. चाके फिरवून झाली की पाणी कुंडलिकेत येते. वीज मुंबईकडे, पाणी आपल्याकडे. पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून तेच कालव्यात जाते, त्यावर उन्हाळी भात पिकतो. उरलेले रेवदंड्याच्या खाडीला मिळते. गुरुजी, हा भूगोलाचा धडा नकाशावर बोट फिरवून शिकवा. आणि त्याबरोबर हेही सांगा, की या धरणात मावळातली गावे आणि शेते बुडाली, आणि १९२१ साली सेनापती बापटांनी तिथे सत्याग्रह उभारला होता. होडीत बसणाऱ्याला हे कुणी सांगत नाही.

आता जिवाची गोष्ट. हे पाणी पावसावर नव्हे, विजेच्या गरजेवर सुटते. आभाळात ढगाचा ठिपका नसतो आणि नदी चढते. धुणे धुणाऱ्या बायका, मासे चाचपणारी पोरे, पाण्यात बसलेल्या म्हशी यांनी सावध राहायला हवे. दगडावरची ओली रेघ वर सरकू लागली की टोपली उचला, काठ गाठा. भांडे राहिले तर राहू द्या. पाहुणे मंडळी कुठेही, कधीकधी नको ते पिऊन, पाण्यात उतरतात. त्यांनाही हटकायला लाजू नका.

या धंद्यातून आपल्या पदरात काय पडते? कित्येकांनी जमीन विकली, आणि आज त्याच जमिनीवरच्या बंगल्याच्या फाटकाशी ते रखवालदार म्हणून बसतात. काही पोरे मात्र वल्हे हाती धरून होडी चालवतात. दोघांनाही पगार मिळतो. पण पहिल्याच्या जागी उद्या दुसरा कुणीही बसवता येतो, नदी जाणणाऱ्याच्या जागी तसा नाही. म्हणून मला वाटते, मुलांना पोहणे, प्रथमोपचार आणि चार परक्या माणसांपुढे नीट बोलणे शाळेतच यावे.

दाखवायला आपल्याजवळ थोडे का आहे? फणसाडचे रान पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाची शिकारीची राखीव जागा होती; १९८६ पासून ते अभयारण्य आहे, तिथे शेकरू दिसते. रान वाचावे ते आपल्या कातकऱ्यांनी, पण त्यांना वाटाड्या म्हणून कोण बोलावतो? पेणेकडे सांकशीचा किल्ला आहे. रोह्याजवळ मेढ्याच्या डोक्यावर अवचितगड आहे. त्यावर बारा कोनांचे तळे आहे, शके १७१८ चा, म्हणजे १७९६ सालचा, शिलालेख आहे. पायथ्याच्या किती मुलांनी तो वाचला असेल, बरे?

गडाची सहल काढायची तर दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात वाट निसरडी असते आणि गवतात पायाखालचे दिसत नाही. सकाळी लवकर निघा, पाणी घरून न्या, रिकाम्या बाटल्या परत आणा. मेढ्यातला एखादा जाणता माणूस बरोबर घ्या आणि त्याची मजुरी आधीच ठरवा.