पॉडकास्टचे प्रास्ताविक

ध्वनिमाध्यमाद्वारे लोकशिक्षण करण्याची महाराष्ट्राची परंपरा जुनी आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणीच्या साहाय्याने तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच जिल्ह्यांतील १५० गावांत ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग झाला. कार्यक्रम ऐकून त्यावर चर्चा करण्यासाठीच ती मंडळी जमत. पॉडकास्टचा श्रोता मात्र बहुधा एकटा असतो. भ्रमणध्वनी त्याच्या हातात असतो आणि कंटाळा येताच तो कार्यक्रम बंद करतो.

अशा वेळी आरंभीच संगीत, विभागाचा परिचय व मान्यवरांची नामावली आली, तर पेरणीचा सल्ला मागे राहतो आणि ज्याच्यासाठी तो दिला, तो शेतकरी तत्पूर्वीच निघून जातो.

प्रास्ताविकाने तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. कार्यक्रम कोणासाठी आहे? त्यातून काय मिळेल? तो आताच का ऐकावा? उदाहरणार्थ : “घरचे सोयाबीन पेरणार आहात? पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून पाहा. ७० पेक्षा कमी उगवले, तर बियाण्याचे प्रमाण वाढवावे लागेल. ते किती, हे पुढील आठ मिनिटांत ऐका.” एवढे सांगण्यास अर्धे मिनिटही लागत नाही.

प्रास्ताविक सर्वांत शेवटी लिहावे आणि मोठ्याने वाचून पाहावे. जे वाक्य एका श्वासात म्हणता येत नाही, त्याची दोन वाक्ये करावीत. नामनिर्देश व आभार अखेरीस यावेत. त्यामुळे मान्यवरांचा मान उणावत नाही; श्रोत्याच्या वेळेचा मान मात्र राखला जातो.