नळीच्या वाटेचे वाटाडे

हरिश्चंद्रगडावर जायच्या वाटा पुष्कळ. पाचनईकडून लेकरंबाळं घेऊनही माणसं चढतात. पण आमच्या अंगाची, मुरबाड तालुक्यातल्या बेलपाड्यातून कोकणकड्याच्या कुशीत शिरणारी नळीची वाट न्यारीच. ती खरं तर पाण्याची वाट. पावसाळ्यात तिथून ओढा कोसळतो, तो आटला की त्याच धोंड्यांवरून माणसं वर जातात. मध्ये उभे कातळ, तिथं दोर लावावा लागतो. वरच्याच्या पायाखालचा दगड सुटला की खालच्याच्या डोक्यावर. फोनचा भरवसा नाही, उन्हाळ्यात पाणी नाही.

शहरातली मंडळी हौसेनं येतात. त्यांच्यापुढं चालतो तो आपला नवरा, नाहीतर मुलगा. पिठलं-भाकरी आपण करतो, पैसे गटाच्या पेटीत येतात. पुरुष म्हणाले, बायकांनी यात कशाला पडायचं? आम्ही पडलो. भाकरी तर आमच्याच हातात आहे ना! ज्यांच्याकडे दोर आणि हेल्मेट नाही, त्यांना जेवण नाही, वाटाड्याही नाही. पावसाळ्यात तर कुणी दुप्पट पैसे दिले तरी नाही. उशिरा उगवणाऱ्यांना आम्ही साधळे घाटानं जा म्हणतो. चार लोक रागावून गेले, पेटीत तेवढे कमी पडले. पडू द्यात.

दुसरं काम विम्याचं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये भरले की अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण आहे. वय १८ ते ७०, बँकेत खातं हवं. पैसे खात्यातून आपोआप कापले जातात, म्हणून मे महिन्यात खातं रिकामं ठेवायचं नाही. आमच्या बैठकीत मेमध्ये प्रत्येकीनं घरातल्या वाटाड्याचं पासबुक आणायचंच.

आणि एक वही. निघताना प्रत्येकाचं नाव, घरचा फोन, आणि उतरणार कुठून हे लिहून घेतो. हे शेवटचं फार महत्त्वाचं. बरेचजण नळीनं चढतात आणि साधळे घाटानं उतरतात. तेव्हा नळीच्या तोंडाशी वाट बघत बसलं तर रात्र फुकट जाते. दिवेलागणीपर्यंत कुणी परतलं नाही, तर आधी गडावर जेवण देणाऱ्या पाचनईच्या लोकांना विचारायचं, तिथंही नसले तर ११२ ला फोन. वही आम्ही भांड्यांच्या फळीवर ठेवतो. अंधारातही हात तिथं बरोबर जातो.