द्राक्षमळा घेण्यापूर्वीं

माघांत नाशिकचे मांडव घडांनीं लगडलेले पाहून शहरी गृहस्थ तेथेंच बयाणा देऊन मोकळा होतो. मीहि तसेंच केलें. सातबारा मात्र मागाहून वाचला! १९४८ च्या कूळकायद्याचें ६३ वें कलम असें कीं, जो शेतकरी नाहीं त्याला कलेक्टरच्या परवानगीवांचून तेथें शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. माझा बयाणा त्या कलमापायीं बुडाला.

आणि मळा पाहावा तो भर पावसाळ्यांत. एप्रिलची खरड छाटणी होऊन गेलेली, ऑक्टोबरची गोड्या बहाराची अजून व्हावयाची. अशा वेळीं वेलींवर फळाचा साज नसतो. पानांवरचा केवडा दिसतो, सरींत पाणी किती तुंबतें तें कळतें. विहीर मात्र वैशाखांतच वाकून पाहावी.