घरपट्टी कमी म्हणजे एरिया स्वस्त? सोलापुरात घर शोधतानाचा हिशोब

सोलापुरात घर बघायला निघालात की एजंट एक वाक्य हमखास टाकतो, "सर, इथं घरपट्टी नावालाच हाय बघा." आजचा भाग या एका वाक्यावर. कमी टॅक्सचा एरिया खरंच स्वस्त पडतो का? आणि पडलाच, तर तिथं आई-वडिलांना घेऊन निर्धास्त राहता येतं का?

थोडी ओळख सांगतो. मी बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये आहे, वय अठ्ठावीस. कंपनी पुण्यात आणि काम घरून. गेल्या वर्षी आम्ही तिघांसाठी घर शोधलं, म्हणजे आई, बाबा आणि मी. तोवर पूर्व भागात भाड्यानं राहायचो, दुसऱ्या मजल्यावर. आईचे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. बाबा टॉवेलच्या कारखान्यातून रिटायर झाले. पैसा म्हणजे बाबांचा फंड आणि माझं कर्ज. फंड आयुष्यात एकदाच मिळतो, त्यामुळे प्रत्येक आकडा तपासायचा असं मी ठरवलं.

आधी एक गोंधळ दूर करू. कुठला टॅक्स एरियाप्रमाणे बदलतो? इन्कम टॅक्स बदलत नाही. व्यवसाय कर राज्याचा आहे, वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये, जुळे सोलापुरात राहा नाहीतर साखर पेठेत. बदलतं ते घराशी जोडलेलं, म्हणजे खरेदीवेळचं मुद्रांक शुल्क आणि नंतर दरवर्षीची घरपट्टी, पाणीपट्टी.

मुद्रांक शुल्क महापालिका हद्दीत थोडं जास्त आणि ग्रामपंचायत हद्दीत थोडं कमी लागतं. नोंदणी फी १ टक्का, पण ३०,००० रुपयांच्या वर जात नाही. आणि राहतं घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. २५ लाखांच्या घरावर सरळ २५,००० रुपये वाचतात. घरपट्टी कमी म्हणून लांब जाण्याआधी हा हिशोब घरात मांडा.

आता घरपट्टी. महापालिकेत ती ठरते करयोग्य मूल्यावर. हे घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती येईल, हा अंदाज धरतात. त्यातून १० टक्के दुरुस्तीसाठी वजा करतात. समजा महिन्याचं भाडं ३,००० धरलं. वर्षाचे झाले ३६,०००. त्यातून ३,६०० गेले, उरले ३२,४००. हे करयोग्य मूल्य. यावर वेगवेगळे कर टक्क्यांनी लागतात. सर्वसाधारण कर, अग्निशमन कर, मलनिस्सारणाचा कर, रस्त्याचा कर, वृक्ष कर आणि राज्य सरकारचा शिक्षण कर. ग्रामपंचायतीची पद्धत वेगळी आहे. तिथं २०१५ मधल्या दुरुस्तीनंतर जागेच्या आणि बांधकामाच्या भांडवली मूल्यावर कर लागतो, आणि बिल बहुतेक वेळा हलकं येतं.

म्हणजे एजंट खोटं बोलत नव्हता. पण बिल हलकं का, हे तो सांगत नाही. बिलातल्या ओळी वाचा. प्रत्येक ओळ एका सेवेची आहे. ओळ नसेल तर ती सेवा कोण देणार? तुम्हीच, स्वतःच्या खिशातून.

आणि ओळ आहे, पैसे घेतात, पण सेवा अर्धीच आहे, असंही असतं. त्यासाठी सोलापूरचा नकाशा माहीत पाहिजे. महापालिका झाली १९६४ मध्ये. १९९२ मध्ये हद्दवाढ झाली आणि भोवतालची गावं शहरात आली. बाळे, केगाव, शेळगी, मजरेवाडी, सोरेगाव, कुमठे ही त्यातलीच. शहर साधारण ३३ चौरस किलोमीटरचं होतं, ते १७८ च्या आसपास गेलं. एका फटक्यात पाचपट! कागदावर हद्द एका दिवसात वाढते. ड्रेनेज आणि पाण्याची लाइन मात्र फुटाफुटानं जाते. म्हणून तीस वर्षं उलटली तरी आपल्याकडं 'हद्दवाढ भाग' हा शब्द जिवंत आहे. हद्दवाढ भागात घर बघत असाल तर एकच प्रश्न विचारा, "ड्रेनेजची लाइन या गल्लीत आली आहे का, की शोषखड्डा आहे?"

आता पाणी, कारण सोलापुरात घर म्हणजे आधी पाणी. आपलं पाणी तीन ठिकाणांहून येतं. शंभरावर किलोमीटर लांबच्या उजनी धरणातून थेट पाइपलाइननं, टाकळीहून भीमा नदीचं, आणि हिप्परगा तलावाचं. तरी नळाला येतं चार-पाच दिवसांनी. हे नशीब म्हणून सोडू नका, गणित करा. ड्रेनेज असलेल्या शहरासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे देशातलं प्रमाण मानलं जातं. चार माणसांना ५४० लिटर. पाच दिवसांना २,७००. आता छतावर १,००० लिटरची एकच टाकी असेल तर दोन दिवस पण पुरत नाही. १२ फ्लॅटची बिल्डिंग असेल तर पाच दिवसांना ३२,४०० लिटर लागतात. हौद केवढा आहे, हे बिल्डरला लिटरमध्ये विचारा. "भरपूर मोठा हाय" हे उत्तर धरायचं नाही.

आता आमचा हिशोब सांगतो. दोन पर्याय उरले होते. एक, हद्दीबाहेर प्लॉट घेऊन त्यावर छोटं घर. दोन, विजापूर रोडच्या आतल्या बाजूला एका सोसायटीत पहिल्या मजल्यावरचा जुना फ्लॅट. बाबांचं मन प्लॉटवर होतं. "पायाखाली आपली जमीन पाहिजे रे," एवढंच म्हणायचे. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या घरात राहिलेला माणूस असं म्हणतो तेव्हा एक्सेल शीट उघडायला पण जड जातं.

तरी उघडली. आकडे गोल करून सांगतो. घरपट्टी बाहेर वर्षाला २,०००, आत ८,०००. फरक ६,०००, म्हणजे महिन्याला ५००. बाहेर राहिलं तर रोजचं जाणं-येणं जास्तीचं २४ किलोमीटर. महिन्याला २५ दिवस धरा, ६०० किलोमीटर झाले. बाइकला साधारण १,४०० चं पेट्रोल. उन्हाळ्यातले टँकर वर्षभरावर पसरले तर महिन्याला १,६००. म्हणजे ५०० वाचवायला ३,००० गेले.

इथं थांबलं असतं तर सोपं होतं. पण फ्लॅट पाच लाखांनी महाग होता. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचं कर्ज काढलं तर पाच लाखांचा हप्ता साधारण ४,३४० रुपये. तो आणि घरपट्टीचा फरक मिळून आत ४,८४० जास्त, बाहेर ३,००० जास्त. खरं सांगायचं तर महिन्याच्या पैशात बाहेरचं घरच जिंकलं, १,८४० रुपयांनी. आणि घरपट्टी? या सगळ्यात सगळ्यात छोटा आकडा तिचाच.

मग निर्णय फिरला कशावर? पहिलं, कागदावर. प्लॉट गुंठेवारीचा निघाला. शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेला, बिगरशेती परवानगी नाही. असे प्लॉट नियमित करायला २००१ चा गुंठेवारी कायदा आहे आणि २०२१ मध्ये त्याची मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटना तो लागू केला. पण नियमित करून घेणं हे वेगळं काम आहे, त्याचे पैसे वेगळे. तोवर बँक कर्जाला उभी करत नाही. विकणारा मात्र कराची पावती पुढं करत होता, "टॅक्स भरतोय की आम्ही!" मंडळी, हे लिहून ठेवा. कराची पावती म्हणजे मालकी नाही. आणि बेकायदा बांधकामाचा कर भरला म्हणून ते कायदेशीर होत नाही. उलट महापालिका हद्दीत अशा बांधकामावर दुप्पट शास्ती लागू शकते.

जुना फ्लॅट घेताना उलटी काळजी घ्यायची. घरपट्टीच्या थकबाकीचा बोजा मालमत्तेवर असतो. आधीचा मालक पैसे न भरता गेला तर बिल तुमच्या दारात. शास्ती महिन्याला २ टक्के. २०,००० थकले असतील तर महिन्याला ४००, वर्षाला ४,८००. म्हणून खरेदीच्या आधी थकबाकी नसल्याचा दाखला घ्या आणि खरेदीनंतर बिलावरचं नाव बदलून घ्या. नवीन प्रोजेक्ट असेल तर महारेराच्या साइटवर नोंदणी बघा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा.

दुसरं कारण सुरक्षितता. हा शब्द निघाला की आपण चोरीचं बोलतो. तेही बघायचंच. आपल्या शहरात आयुक्तालयाची सात पोलीस ठाणी आहेत, आपली गल्ली कुठल्या ठाण्यात येते आणि ते किती लांब आहे, हे बघा. पण आपल्याकडं माणसं आणखी दोन गोष्टींनी जातात. एक म्हणजे जड वाहनं. विजापूर रोड आणि होटगी रोड, रस्ता ओलांडायचा म्हटलं की जीव मुठीत. म्हणून आम्ही मेन रोडला लागून असलेली घरं आधीच यादीतून काढली. आईला भाजीला जायचं तर ट्रकच्या पुढून जायला नको.

दुसरी गोष्ट आग. १८ मे २०२५ ला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली, आठ जण गेले. त्यात तिथंच राहणारं कुटुंब होतं. आमच्या घरी ती बातमी वेगळी लागली, बाबांनी आयुष्य सुताच्या धुळीत काढलंय. पूर्व भागात खाली यंत्रमाग आणि वर घर, हे शेकडो ठिकाणी आहे. भाडं कमी असतं म्हणून आपण जातो. जायचंच असेल तर दुसरा जिना आहे का आणि गल्लीत अग्निशमनचा बंब वळेल का, एवढं तरी बघा. बिलातल्या अग्निशमन कराची ओळ त्या बंबासाठीच असते, पण बंब दारापर्यंत पोचायला पाहिजे ना!

आम्ही फ्लॅट घेतला, आईच्या नावावर. १,८४० रुपये महिन्याला जास्त जातात, ते मला माहीत आहेत आणि परवडतात. बाबा अजून प्लॉटचं नाव काढतात. त्यांनी गॅलरीत तुळस आणि दोन कुंड्यांत मिरची लावलीय. माझं म्हणणं तुम्ही पण फ्लॅटच घ्या असं नाही. तुमच्या घरात सगळे तरुण असतील, प्लॉट बिगरशेती असेल, कागद स्वच्छ असतील, तर बाहेरचं घर नक्की घ्या, पैसे वाचतील.

फक्त घेण्याआधी एक रविवार काढा. आवडलेल्या गल्लीत सकाळी जा आणि तीन दारं वाजवा. विचारा, "काकू, पाणी कितव्या दिवशी येतं, किती वाजता, आणि किती वेळ?" जमलं तर त्यांचं घरपट्टीचं बिल बघायला मागा, लोक दाखवतात. मग त्याच गल्लीत रात्री साडेनऊला परत जा. दिवे लागलेत का, रिक्षा मिळते का, बायका-पोरी एकट्या चालताना दिसतात का, बघा. आणि एकदा मोठा पाऊस पडून गेल्यावर जा, नाल्याचं पाणी कुठपर्यंत चढलं त्याची खूण भिंतीवर असते.

हे तीन फेरे फुकट आहेत. एजंट यातलं काही सांगणार नाही, काकू सगळं सांगतील. भेटू पुढच्या भागात!